आपल्या तलावाची पंचवीस वर्षं : तुरटी, सोडा आणि एक मग

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी लिहाच' असं संपादक मंडळातल्या मुलींनी मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी लेखक नव्हे. जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली, गावोगावच्या विहिरींत टीसीएल टाकत फिरलो आणि निवृत्त होऊन ए विंगमध्ये राहायला आलो. पण मुली म्हणाल्या, "काका, तुम्ही तलावाचा इतिहास लिहा. तो दुसऱ्या कुणालाच माहीत नाही." हे मात्र खरं आहे. शिवाय त्या इतिहासात एक चुकीची नोंद आहे आणि ती दुरुस्त करायला याहून बरी जागा मला मिळणार नाही. ते शेवटी सांगतो.

नवीन आलेल्या कुटुंबांसाठी आधी थोडी ओळख. आपला तलाव १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. उथळ बाजूला ९० सेंटिमीटर, खोल बाजूला दीड मीटर. सरासरी सव्वा मीटरला थोडी कमी धरली, तर पाणी होतं ६०,००० लिटर. टँकरच्या भाषेत, १०,००० लिटरचे सहा. बिल्डरने माहितीपत्रकावर निळ्या रंगात तो छापला, त्यामुळे फ्लॅट विकले गेले, आणि ताबा देताना किल्ल्यांच्या जुडग्यात पंपखोलीची एक किल्ली देऊन तो मोकळा झाला. हे पाणी निळं राहतं कसं, हे कुणी सांगितलं नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात ते हिरवं झालं. दुसऱ्या महिन्यात पायऱ्यांवर शेवाळ आणि कडेला बेडूक. देखभालीच्या कंत्राटाचे आकडे आले तेव्हा सर्वसाधारण सभेत शांतता पसरली. ३२ फ्लॅटच्या सोसायटीला तो खर्च परवडणारा नव्हता. त्याच सभेत प्रस्ताव आला की राडारोडा टाकून तलाव बुजवावा आणि वर चार गाड्यांचं पार्किंग करावं. हात वर व्हायला लागले होते. तेवढ्यात सी विंगच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "विहीर बुजवू नये म्हणतात. निदान एक वर्ष थांबा." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी विहिरींच्या खात्यातला माणूस! मी एक वर्ष मागून घेतलं. ते अजून चालू आहे.

आपल्याआधीचे तलाव

माणसाने पाणी साठवलं, की ते स्वच्छ कसं ठेवायचं हा प्रश्न पाठोपाठ येतोच. मोहेंजोदडोचं महास्नानगृह आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं आहे. ते साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सुमारे अडीच मीटर खोल. म्हणजे आपल्यापेक्षा थोडंच मोठं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी विटा घट्ट बसवून मागे डांबराचा थर दिला होता, पाणी गळू नये म्हणून. शेजारच्या खोलीत विहीर होती आणि घाण पाणी सोडायला मोठं गटार होतं. म्हणजे नवं पाणी घ्यायचं कुठून आणि जुनं सोडायचं कुठे, याचा विचार आधी केलेला. आपल्या बिल्डरने तो केला नव्हता.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळायच्या वस्तूंची यादी आहे. तिच्यात कतक, म्हणजे आपली निवळीची बी आहे आणि वस्त्रही आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी पावसाळ्यात आजी निवळीची बी माठाच्या आत उगाळायची, आणि बी संपली की तुरटीचा खडा फिरवायची. सकाळी वरचं पाणी काचेसारखं आणि तळाशी बोटभर गाळ.

ब्लीचिंग पावडरचा जन्म मात्र पाण्यासाठी झालेला नाही. स्कॉटलंडमध्ये चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करण्यासाठी. पाण्यातले रोगजंतू तिने मरतात हे कळून ती नळयोजनांत यायला पुढची शंभर वर्षं गेली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्याला ती रोजच्या रोज द्यायला लागले, आणि मग पोहण्याच्या तलावांतही ती आली. आपल्या खेड्यांत तिला 'टीसीएल' म्हणतात. ग्रामपंचायतीचा शिपाई बादलीत पावडर कालवतो, विहिरीत सोडतो, आणि ओटी टेस्टच्या छोट्या नळीत पाणी पिवळं झालं की वहीत सही करतो. माझी सगळी नोकरी त्या पिवळ्या रंगामागे गेली. तेव्हा मी सभेत म्हणालो, "ही एक चौकोनी विहीर आहे असं समजू."

स्वयंपाकघरातून पंपखोलीत

आता आपण काय काय वापरलं ते सांगतो, कारण पुढच्या कमिटीला ते लागेल.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे अंघोळ. डोक्याला तेल चोपडून मुलं पाण्यात उतरली, की पाण्यावर तवंग येतो आणि क्लोरीन त्या तेलाशी आणि घामाशी झटापट करण्यातच खर्च होतं. लोकांना वाटतं, डोळे चुरचुरले आणि वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवी यांच्याशी मिसळून झालेल्या संयुगांचा तो वास असतो. म्हणून शॉवरपाशी ती पाटी लागली : 'आधी अंघोळ, मग तलाव.' पाटीखाली कुणीतरी 'आणि आधी बाथरूम' असंही लिहिलं. ते आम्ही पुसलं नाही.

तवंगासाठी जुने टेनिस बॉल जाळीच्या टोपलीत सोडले. त्यांची लव थोडंफार तेल धरते. पानं काढायला बांबूला फाटक्या मच्छरदाणीची झोळी शिवली. पंपाच्या गाळणीत जुन्या धोतराचं फडकं बसवलं, तर बारीक कचरा आणि केस तिथेच अडतात. सुश्रुतांचं वस्त्र ते हेच! फडकं मात्र रोज धुवायला हवं, नाहीतर पंपाला पाणी ओढताना धाप लागते. फरशांवरची पांढरी खरवड व्हिनेगरने भिजवून काथ्याने घासायची. काढलेल्या लिंबाच्या साली बी विंगच्या वहिनी साठवून द्यायच्या, त्यांनीही काम भागतं.

पावडरचा हिशेब सोपा आहे. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३० टक्के क्लोरीन धरा. ६०,००० लिटर पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन आणायला ६० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे २०० ग्रॅम पावडर. पाण्यात क्लोरीन १ ते ३ मिलिग्रॅममध्ये राहिलं पाहिजे. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तलावात सोडायची. आणि हे सूर्य मावळल्यावर. पहिल्या वर्षी मी सकाळी नऊला टाकत होतो आणि दुपारी टेस्टमध्ये पिवळेपणाचा पत्ता नाही. उन्हात क्लोरीन तास-दोन तासांत उडून जातं, हे विहिरीच्या सावलीत मला कधी कळलंच नव्हतं. वेळ बदलली आणि पोत्याचा खर्च निम्म्यावर आला. पावडर ओल खाते आणि जुनी झाली की निकामी होते, म्हणून मोठं पोतं स्वस्त पडतं हा भ्रम आहे.

तुरटी किलोभर विरघळवून पाण्यावर शिंपडायची, पंप थोडा वेळ फिरवून बंद करायचा आणि रात्रभर पाण्याला हात लावायचा नाही. गाळ तळाशी बसतो. तो सकाळी पाइपने हळूच बाहेर ओढायचा. पण तुरटी पाण्यातली क्षारता खाते, पाणी आंबट बाजूला झुकतं. तो तोल खाण्याच्या सोड्याने सावरतो. आपल्या तलावाला एक किलो सोड्याने क्षारता लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅमने चढते.

काही उपाय फसलेही. 'तांब्याचा हंडा बुडवून ठेवा, शेवाळ येणार नाही,' असं एका सभासदाने सुचवलं. तांबं शेवाळाला मारतं हे खरं, पण किती उतरलं ते मोजता येत नाही, आणि जास्त झालं तर फरशीवर डाग पडतात आणि केसांना हिरवी झाक येते. हंडा लग्नातला होता, म्हणून वहिनींनीच तो परत नेला. हळदीच्या कागदाने पाणी आंबट की क्षारी हे बघायचा माझा प्रयोगही ढोबळच ठरला. पाणी फार क्षारी झालं तरच तो लाल होतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून सांगतो : सगळीकडे काटकसर करा, पण पाणी तपासायचा डबा विकतच आणा. त्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये असला म्हणजे झालं.

क्षीरसागर

सहाव्या वर्षी मी शहाणपणा केला. पीएच उतरला होता. खाण्याचा सोडा महाग, धुण्याचा सोडा स्वस्त आणि जोरकसही. मी दोन किलो एकदम ओतला. आपलं बोअरचं पाणी जड, त्यात चुना विरघळलेला. धुण्याच्या सोड्याने तो सगळा खडूच्या भुकटीसारखा बाहेर पडला आणि पंधरा मिनिटांत तलावाचं दूध झालं. मुलांनी 'क्षीरसागर, क्षीरसागर' म्हणत कल्ला केला. एकाने उशी आणून शेषशायीसारखं झोपून दाखवलं. चार दिवस पंप फिरला तरी पाणी पुरतं निवळेना. शेवटी मी फरशी धुवायचं ॲसिड आणलं आणि थोडं थोडं सोडून पाणी ताळ्यावर आणलं.

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दिवसापासून पंपखोलीत ॲसिडचा कॅन आला. ब्लीचिंग पावडरच्या पिंपाशेजारी, एकाच फळीवर.

दुष्काळाचे अठरा दिवस

पुढची गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपल्या अभिमानाची आहे. २०१५ चा पावसाळा कोरडा गेला आणि पुण्यात दिवसाआड पाणी सुरू झालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले. अशा वेळी आपल्या अंगणात ६०,००० लिटर पाणी चमकत होतं. वॉचमनच्या घरातल्या बाई हंडा घेऊन त्याच्या कडेने जायच्या. मला मान वर करवेना.

त्याआधीच तलावाला गळती लागल्याचा संशय होता. तो आम्ही बादलीने तपासला. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतल्या आणि तलावातल्या पातळीवर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. ऊन दोघांनाही सारखंच लागतं. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर गळती. आपला उतरला. दिव्याच्या खोबणीशी भेग सापडली, ती बुजवली. उन्हाने उडणारं पाणी वाचवायला चौकातून उतरवलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे तुकडे शिवून झाकण केलं. नेतेमंडळींचे चेहरे पाण्याकडे केले, म्हणजे वाद नको.

मग सभा झाली आणि ठराव एकमताने झाला : पोहणं बंद, क्लोरीन बंद, पाणी संडासाला आणि झाडांना. रोज प्रत्येक फ्लॅटला १०० लिटर, म्हणजे दिवसाला ३,२०० लिटर. अठरा दिवस पुरलं. त्या अठरा दिवसांत आपण एकही टँकर मागवला नाही. संध्याकाळी रांगेत बादल्या घेऊन उभं राहिल्यावर, एकमेकांशी कधी न बोलणारी माणसं बोलायला लागली. तलावाने पोहण्यापेक्षा मोठं काम त्या उन्हाळ्यात केलं असं मला वाटतं.

त्याच पावसाळ्यात गच्चीचं पाणी गाळून तलावात वळवलं. बी विंगची गच्ची ४०० चौरस मीटर. १५० मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने तलाव भरतो. पावसाचं पाणी मऊ, क्षारता जवळजवळ नाहीच. म्हणून चार दिवसांत मिळून आठ किलो खाण्याचा सोडा घातला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने विचारलं, "काका, एवढी भजी कोणाच्या लग्नाची?"

२०२० मध्ये टाळेबंदीत तलाव बंद पडला, तेव्हा महापालिकेच्या कीटक विभागाकडून गप्पी मासे आणून सोडले. डास झाले नाहीत, आणि घरात कोंडलेल्या मुलांना बाल्कनीतून बघायला मासे मिळाले. पुन्हा क्लोरीन सुरू करण्याआधी ते सगळे झोळीने काढून शेजारच्या बागेतल्या हौदात पोचवले. मुलांनी मोजणी ठेवली होती, एकही मागे राहू दिला नाही.

एक मग

आता ती नोंद.

सातवं वर्ष, मे महिना. तलावाचं रोजचं काम आपले माळीमामा करायचे. बागेबरोबर तलावही त्यांच्याकडे, पगार एकच. मी त्यांना सगळं शिकवलं होतं : पावडर किती, केव्हा, कशी कालवायची. मामा अक्षरओळख असलेले नव्हते, पण मापात कधी चुकले नाहीत. मापाला मी त्यांना एक निळा प्लॅस्टिकचा मग दिला होता. काटकसर म्हणून एकच.

त्या संध्याकाळी मीच सांगितलं, "मामा, आधी एक मग ॲसिड सोडा, मग पावडर." त्यांनी ॲसिड सोडलं. मगात तळाशी थोडं राहिलं. त्याच मगाने त्यांनी पावडर घेतली. पिवळट हिरवा धूर निघाला. पंपखोलीला एकच दार आणि खिडकी नाही. ते बाहेर आले तेव्हा खोकत खाली बसले होते. तोंडाला फेस, डोळे लाल. डी विंगच्या डॉक्टरताई धावत आल्या, त्यांना मोकळ्या हवेत नेलं, रिक्षातून दवाखान्यात पोचवलं. दोन रात्री ऑक्सिजन. वाचले, पण जिना चढताना दम लागायचा तो कायमचा.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच. हे मला माहीत होतं. नोकरीत तीस वर्षं माहीत होतं. मामांना माहीत असायचं कारण नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. विहिरीवर ॲसिड कधी नसायचं, म्हणून ते वाक्य माझ्या शिकवणीत कधी आलंच नाही.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली. इतिवृत्तात लिहिलं गेलं : 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.' दवाखान्याच्या बिलाची निम्मी रक्कम सोसायटीने दिली, निम्मी मामांच्या पगारातून हप्त्याने कापली. त्या इतिवृत्तावर माझी सही आहे. मी बोललो नाही. लोक मला 'तलाववाले काका' म्हणायचे, आणि ते नाव मला जपायचं होतं. मामाही काही बोलले नाहीत. बरे होऊन आले त्या दिवशी मला एवढंच म्हणाले, "साहेब, दुसरा मग घ्या आता."

दुसरा मग आणला. ॲसिड वेगळ्या कपाटात गेलं, पंपखोलीला खिडकी पडली, दारावर लाल अक्षरांत आणि चित्राने पाटी लागली. आज तुम्ही बघता ते सगळे नियम त्या संध्याकाळचे आहेत. पण नोंद तशीच राहिली.

मामा आता गावी असतात. गेल्या दिवाळीत मी जाऊन आलो. कापलेली रक्कम व्याजासकट त्यांच्या हातात ठेवली. ती माझ्याकडून, सोसायटीकडून नव्हे. त्यांनी मोजली नाही. तलाव कसा आहे ते विचारलं. निळा आहे म्हटलं, तर म्हणाले, "तुरटी कमी टाकता ना?"

तेव्हा या स्मरणिकेत मी लिहून देतो, की तो अपघात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला नाही. ज्याला धोका माहीत होता त्याने तो सांगितला नाही आणि एका मगाचे पैसे वाचवले, म्हणून झाला. माझी कमिटीला विनंती आहे की येत्या सर्वसाधारण सभेत त्या इतिवृत्ताची दुरुस्ती करावी आणि रौप्यमहोत्सवी सोहळ्याचं निमंत्रण मामांना मानाने पाठवावं. न्यायला-आणायला मी जाईन.

पुढची पंचवीस वर्षं तलाव सांभाळणाऱ्या मुलांनो, तुरटी वापरा, सोडा वापरा, जुनी धोतरं मिळाली तर तीही वापरा. स्वस्तात भागतं, आम्ही भागवून दाखवलं. फक्त पावडरचा मग आणि ॲसिडचा मग वेगळा ठेवा, आणि जो माणूस ते काम करतो त्याला, तुम्हाला जे जे माहीत आहे ते सगळं सांगा.